उघडा राहिलेला पिवळा

भद्रावतीच्या कॉलनीत बाईचं घर भोंग्यावर चालायचं. पहिला भोंगा झाला की बाई उठून स्टोव्हला पंप मारायची, दुसऱ्याला भाऊजी सायकलच्या हँडलला डबा अडकवून कारखान्याच्या फाटकाकडे निघायचे, आणि दुपारी दूर कोळशाच्या खाणीत बार उडाला की फळीवरचे स्टीलचे डबे हलकेच किणकिणायचे. मी नवीन होते तेव्हा दचकायची. बाई मान वर न करता म्हणायची, "काई नाई, खान आहे." एवढंच. बाई म्हणजे माझी मोठी बहीण सिंधू. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती लग्न होऊन गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिच्या वरातीतला बँड मला आठवतो, ती आठवत नाही. चामोर्शीला बारावी झाली, गावात पुढे काही नव्हतं, तेव्हा ती मला आपल्या घरी घेऊन आली. एका छताखाली राहायला लागलो तेव्हा आम्ही दोघी जवळजवळ अनोळखी होतो.

दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड, त्याखाली भांडी घासायचा दगड. आम्ही ढिवर. आमचे बाबा गावच्या तलावात आणि वैनगंगेत जाळं टाकणारे, आई बाजारात पाटी घेऊन बसणारी. आईकडून कोणी येणार असलं की ती वाळवलेल्या झिंग्यांचा पुडा पाठवायची. बाई ते झिंगे कांद्यावर परतायची आणि वरून मूठभर सांबार चिरून टाकायची. तुमच्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो. सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण आणि मोकळा भात. जेवताना ती बोलत नसे. एरवीही तिचं बोलणं म्हणजे हुकूम. पाणी भर. दार लाव. दूध उतू चाललं, पाह्य. तिच्या मनात काही चालत असेल असं मला तेव्हा वाटलंच नाही. ती मला घरातल्या घड्याळासारखी वाटायची. आपण त्यात वेळ पाहतो, घड्याळाला काय वाटतं हे कोण विचारतं?

भाऊजींना कारखान्यात कोणीतरी सांगितलं होतं की कॉम्प्युटर शिकलेल्या पोरींना लगेच नोकरी लागते. म्हणून त्यांनी मला बाजारातल्या एका वर्गात घातलं. खाली किराणा दुकान, वर एक लांबोळकी खोली. जिना चढताना गुळाचा आणि तिखटाचा वास यायचा, आणि वर पोचलं की तापलेल्या वायरींचा. वर्गाचा मालक चंद्रपूरला राहायचा. सगळं पाहायचे ते अन्वरभाऊ. बारीक अंगाचे, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर, बोलणं अर्धं हिंदीत. माझा कोर्स संपला तेव्हा त्यांनी मला दुपारच्या बायकांच्या बॅचला शिकवायला ठेवून घेतलं. ती बॅच सुरू होण्याआधी खोली रिकामी असायची, आणि टेलिफोनची लाइन बरी असली तर अन्वरभाऊ इंटरनेट जोडायचे. जोडताना मशिनीतून असा आवाज यायचा की कोणी पत्र्यावर खिळा घासून राह्यलं आहे. चित्र यायचं ते वरून खाली, ठिबकत ठिबकत, आणि अर्ध्यात लाइन तुटायची. अक्षरं मात्र झपकन यायची. म्हणूनच तो खेळ आमच्याकडे चालला.

आजच्या पोरांना तो खेळ समजावून सांगताना माझी तारांबळ उडते. त्याला चित्र नव्हतं, आवाज नव्हता. काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. तू एका चौकात उभी आहेस, उत्तरेला वेस आहे, पूर्वेला नदी आहे, असं लिहून यायचं. तुम्ही 'उत्तर' असं टाइप केलं की वेशीवर पोचायचे आणि वेशीचं वर्णन समोर यायचं. आणि तिथे माणसं असायची. खरी माणसं, देशोदेशीची, आपापल्या घरी आपापल्या मशिनीपुढे बसलेली. अमुक इथे उभा आहे, तमुक आत आला, असं दिसायचं. त्यांच्याशी बोलता यायचं, त्यांच्यासोबत लढता यायचं, नुसतं बसून राहता यायचं. अन्वरभाऊंनी नागपूरला शिकत असताना हे पाहिलं होतं. त्यांनी मला नाव घ्यायला सांगितलं. मी 'बगळी' घेतलं. किराणा दुकानाच्या डोक्यावर बसून मी पहिल्यांदा त्या चौकात पाऊल टाकलं तेव्हा माझ्या हाताला खरंच घाम आला होता. भद्रावतीच्या बाजारात खाली कोणी पोतं आपटत होतं आणि मी कुठल्यातरी वेशीवर उभी होते, आणि मला पाहून कोणी म्हणत होतं, ये.

पण मला उत्तर देता येईना. माझं इंग्रजी पुस्तकातलं, तेही फाटक्या पुस्तकातलं. हो, नाही, चांगलं, धन्यवाद, एवढ्यावर माझं दुकान बंद व्हायचं. बाकीचे लोक ओळीवर ओळी लिहीत. कोणी विनोद केला की सगळे हसत, आणि मी शब्दकोशात पान उलटत असे. 'हस' असा हुकूम टाइप केला की 'बगळी हसते' असं सगळ्यांना दिसायचं. मी तो हुकूम इतका वापरला की त्या दुनियेत मला येडी समजत असतील.

अशा एका दुपारी चौकात कोणीतरी 'आग' असा शब्द लिहिला, आणि तो लाल आला.

मी जागीच थांबले. एवढे महिने त्या काळ्या पडद्यावर मी पांढऱ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. पांढरी अक्षरं खाली सरकत होती आणि त्यांच्यामध्ये तो एक शब्द विस्तवासारखा पडला होता. मी काचेला बोट लावलं. जुन्या मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवलं की बारीक मुंग्या येत, तशा आल्या, आणि मला वाटलं त्या त्या शब्दातूनच आल्या. मी ओरडले, "अन्वरभाऊ, हे पाहा! हे लाल कसं झालं?"

अन्वरभाऊ सोल्डरिंग सोडून आले आणि हसायला लागले. "अरे, कोड मारला त्यानं. महिरपी कंस टाक, त्याच्या पुढं रंगाचं पहिलं अक्षर टाक. लहान अक्षर टाकलं त फिका, मोठं टाकलं त भडक. इतकंच हाय."

इतकंच! मी त्या दिवशी बायकांच्या बॅचला काय शिकवलं ते मला आठवत नाही. घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूवर मी मनात कंस लावत होते. दुकानाच्या पाटीवर भडक हिरवा. सायकलीच्या गंजावर फिका लाल. खाणीकडून येणाऱ्या ट्रकवर काहीच नको, काळ्यावर काळं.

खेळात जो टिकून राही त्याला स्वतःची एक जागा बांधायची परवानगी मिळे. जागा बांधायची म्हणजे तिचं वर्णन लिहायचं. मला परवानगी मिळाली तेव्हा मी आमच्या गावचा तलाव बांधायचं ठरवलं. शब्द माझ्याकडे नव्हते, पण आता रंग होते. मी पूर्ण पडदाभर एकच शब्द लिहिला, 'पाणी', इंग्रजीत, ओळीमागून ओळ. वरच्या ओळी फिक्या निळ्या, मग करड्या, मग हळूहळू उजळत जाणाऱ्या, मधे पिवळा सांडलेला, कडेला हिरव्याची दाट पट्टी, आणि एका ओळीत एकच अक्षर भडक लाल. ती खंड्या पक्ष्याची चोच. हे करायला मला कितीतरी दुपारी लागल्या. एक कंस चुकला तर सगळी ओळ बिघडायची.

लोक पाहायला आले. एक आला, त्याने दुसऱ्याला बोलावलं. ज्यांच्या बोलण्यात मला शिरता येत नव्हतं ते लोक माझ्या तलावाच्या काठावर येऊन उभे राहिले आणि एकमेकांना म्हणाले, पाहा, पाहा. कोणी विचारलं, हे खरंच कुठे आहे का? मी लिहिलं, हो. कोणी लिहिलं, मी इथेच बसतो आता. त्या खोलीत एकटी बसून मी तोंडावर ओढणी दाबली होती. मला वाटलं, आता मला इंग्रजीची गरज नाही. मी मुकी नाही.

माझ्याशी नेमाने बोलणारा खेळात एकच होता. त्याचं नाव मॉस. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ निघाला शेवाळ. माझी दुपार ही त्याची सकाळ असायची. कुठल्यातरी थंड देशातल्या लहान गावात तो राहतो, म्हातारा आहे, एवढं त्याने सांगितलं होतं. तो लहान लहान वाक्यं लिहायचा, मला समजतील अशी, आणि माझ्या चुकांना कधी हसायचा नाही. तलावाची हवा झाल्यावर तोही आला. त्याने लिहिलं (हे सगळं इंग्रजीत होतं, मी आपल्या भाषेत सांगते आहे):

"बगळी, सगळे म्हणतात तुझा तलाव सुंदर आहे. मी इथे उभा आहे आणि मला ऐकू येतंय, पाणी पाणी पाणी पाणी पाणी. इतके वेळा की मला हसू आलं. बाकीच्यांना इथे काय दिसतं?"

मी लिहिलं, "रंग."

"अच्छा," त्याने लिहिलं. "मला दिसत नाही. मी आंधळा आहे. माझी मशीन मला सगळं वाचून दाखवते. ती रंग वाचत नाही."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, अर्थ चुकीचा लागला असेल म्हणून. एवढे महिने हा माणूस माझ्याशी बोलत होता, माझ्याआधी वेशीवर पोचत होता, लढाईत मला वाट दाखवत होता, आणि हा पडदा त्याने कधी पाहिलाच नव्हता. मी मॉनिटरचं बटण दाबून पडदा बंद केला. पंख्याची घरघर तेवढी राहिली. असं बसतो का तो? आणि या काळोखात त्याला चौक, वेस, नदी आणि मी, सगळं सापडतं? मला त्या क्षणी जे वाटलं त्याला दया म्हणता येणार नाही. मोठ्या देवळात शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसं काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, जन्मापासून दिसत नाही का? त्याने लिहिलं की लहानपणी दिसायचं, मग आजारपणात गेलं. रंग आठवतात. "पण मी त्यांना इतकी वर्षं आठवून आठवून वापरले की ते झिजले आहेत," त्याने लिहिलं. "लाल म्हटलं की मला काहीतरी दिसतं. ते अजून लालच आहे की नाही, हे मला कोण सांगणार?" एकच रंग पक्का राहिला आहे, तो म्हणाला. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. ताजा फोडलेला कोळसा, त्याच्या फुटल्या अंगावरची निळसर चमक.

मी लिहिलं, "ती मला माहीत आहे. इथे खाण आहे."

"मग तू आणि मी शेजारी आहोत," त्याने लिहिलं. "तुझा तलाव मला सांग. रंगांची नावं नको. नावं माझ्याकडे आहेत. तुझ्या भाषेत सांग, माझी मशीन जमेल तसं वाचेल. नंतर अर्थ सांग, मोडका चालेल."

मी हो म्हटलं आणि हात कळफलकावर ठेवून बसून राहिले. काही येईना. इंग्रजीत तर नाहीच, पण आपल्या भाषेतही येईना. तलाव सुंदर आहे. पाणी चमकते. फुलं छान आहेत. शाळेच्या निबंधातली वाक्यं येत होती, आणि ती लिहायची मला लाज वाटली. ज्या तलावाच्या पाण्यावर मी वाढले त्याच्याबद्दल मला एक खरी ओळ सांगता येत नव्हती. तीन-चार दुपारी मी मॉसला उद्या सांगते म्हणत राहिले.

त्याच सुमाराला कॉलनीत कुजबुज सुरू झाली. कोणाची तरी सून दुपारच्या बॅचला यायची. सिंधूची बहीण दुपारभर मशिनीवर कोण्या माणसाशी बोलत बसते, एकटीच हसते, असं तिच्या तोंडून निघालं आणि घरोघर फिरून भाऊजींपर्यंत आलं. भाऊजी वाईट माणूस नव्हते. कर्तव्याला जागणारे, म्हणूनच घाबरट. जेवताना त्यांनी ताटाकडे पाहत विषय काढला.

"लोक का म्हनून राह्यले, तुले मालूम आहे ना?"

मी भात कालवत राहिले.

"कोन आहे तो मानूस?"

"म्हातारा आहे, भाऊजी. परदेशात राह्यते. आंधळा आहे."

"तुले कसं मालूम? तू पाह्यला का त्याले?"

भाऊजींनी हात धुतला. "तुझ्या बाबानं भरोशावर पाठवली तुले. काई झालं त मी का तोंड दाखवू? रविवारी चंद्रपूरले बस बदलून गावाले पोचवून देतो." ते माझ्याशी नव्हे, बाईशी बोलत होते.

बाई भात वाढत होती. ती म्हणाली, "उद्या मी जातो हिच्यासंग. पाहून येतो. मंग तुमी का ठरवाचं ते ठरवा."

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि माझ्या पुढे चालत बाजारात आली. जिना चढून वर आल्यावर तिने खोलीभर नजर फिरवली. अन्वरभाऊंनी लगबगीने खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली, कोणाच्या दवाखान्यात बसावं तशी. मी मशीन सुरू केली, तलावावर गेले. मॉस तिथेच होता.

"हे का आहे?" बाईने पडद्याकडे हनुवटी केली.

"आपला तलाव आहे, बाई. मी केला."

तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने फक्त रंग पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "हा खंड्या आहे का?"

इतक्या लोकांनी तो पडदा पाहिला होता, त्या लाल अक्षराला खंड्या म्हणणारं कोणी नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. मॉसला दिसत नाही, मशीन त्याला वाचून दाखवते, रंग वाचत नाही, तो तलाव सांग म्हणतो आहे आणि मला सांगता येत नाही. मला वाटलं ती रागावेल. ती खुर्चीत थोडी मागे सरकून बसली.

"पहिले का सांगाचं त्याले? सकाळचा सांगू का संध्याकाळचा?"

"सकाळचा."

"मंग लिही," बाई म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझे डोळे पटकन थकतात, चष्मा काढून ठेवावा लागतो. पण ती दुपार मला चष्म्याशिवाय दिसते. मी कळफलकावर, अन्वरभाऊ दारात, आणि बाई डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बोलत होती.

"पहिले काईच नसते. अंधार बी नसते आन् उजेड बी नसते. चुलीतल्या राखेवर पानी शिंपडलं का ते कशी बसते, तसं सगळं बसलं असते. पारीवर चालाले लागलं का पायाले दव लागते, आन् तलाव कुठी सुरू झाला ते समजतच नाई. मंग शिंगाड्याचे पानं दिसते. पान हिरवं नसते तवा, काळं असते, तव्यावानी. बाबा डोंगा लोटते. डोंग्याच्या मागं पानी फाटत जाते आन् आतून दुसरं पानी निघते, ते वरच्याहून काळं. मंग एका जाग्यावर अंड्याचा बलक फुटल्यावानी होते. हळूहळू पसरते. डोंग्यापाशी येते. बाबाच्या हाताले लागते. बाबानं जाळं फेकलं का हवेत ते दिसत नाई, पान्यावर पडलं का गोल उठते, आन् तो बलक त्या गोलात मोडते, तुकडे तुकडे होते, आन् पुन्ना जुळते. मरळ वर आली त तिचं अंग घासल्या लोखंडावानी. आपल्याले वाटते धरू नाई, कापन."

मी इंग्रजी अक्षरांत आमची बोली लिहीत होते, जशीच्या तशी, आणि प्रत्येक ओळीनंतर खाली मोडका अर्थ. राख. तवा. अंडं. लोखंड. ती जी जी वस्तू सांगत होती तिला माझ्याकडे इंग्रजी शब्द होता! आणि मॉसच्या घरीही त्या वस्तू होत्या. मी मान वळवून बाईकडे पाहत होते आणि मला वाटत होतं की ही बाई कोण आहे? दूध उतू चाललं, पाह्य, म्हणणारी ती हीच का? लग्न झाल्यापासून तिने तो तलाव सकाळी पाहिला नव्हता. माहेरी गेली तरी आईसोबत चुलीपाशीच राहायची, सकाळी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कोण जाऊ देणार? तिच्याकडे तो इतकी वर्षं असाच होता, मिटल्या डोळ्यांमागे, आणि तो झिजला नव्हता.

मग मॉसची ओळ आली. "हे तू नाहीस. कोण बोलतंय?"

मी चकित झाले. आवाज नाही, चेहरा नाही, परक्या भाषेतले शब्द एका मशिनीने वेडेवाकडे वाचलेले, आणि त्यातून त्याला माणूस बदललेला कळला होता. मी लिहिलं, "माझी बहीण."

"तिला सांग, मी डोंग्यात होतो."

मी बाईला सांगितलं. तिने डोळे उघडले. पदराने कपाळ पुसलं.

मग मॉसने लिहिलं, "थांबा जरा." आम्ही वाट पाहत राहिलो. आणखी दोघं-तिघं तलावावर आले होते. नंतर मला कळलं की तेवढ्या वेळात त्याने खेळातलं मदतीचं पान उघडून, मशिनीकडून एकेक अक्षर वाचून घेऊन, रंगाचे कंस शिकून घेतले होते. इतक्या वर्षांत त्याला त्यांची गरज पडली नव्हती. पडद्यावर एक ओळ उमटली. आमचाच शब्द होता, बाईचा, इंग्रजी अक्षरांत त्याला ऐकू आला तसा चुकत लिहिलेला. 'बलक'. आणि तो भडक पिवळा होता.

बाई ताडकन पुढे झाली. "हे त्यानं लिवलं?"

"हाव."

"त्याले दिसते?"

"नाई दिसत, बाई."

मॉसने विचारलं, "आला का?"

ती त्याची ओळही पिवळीच आली. मी लिहिलं, "आला." माझी ओळही पिवळी. तेव्हा मला उमगलं. रंग सुरू करायचा एक कंस असतो आणि थांबवायचा दुसरा. तो थांबवायचा कंस त्याने टाकलाच नव्हता. रंग उघडा राहिला होता, आणि त्याच्यामागून जे जे येईल ते सगळं त्यात भिजत होतं. काठावर उभ्या असलेल्या एकाने लिहिलं, पाहा. पिवळं. दुसरी आत आली, तिचं नाव पिवळं. कोणी हसलं, कोणी नुसतं बसलं, तेही पिवळं. थांबवणं सोपं होतं. त्यांच्यातल्या कोणीही एक कंस टाकला असता तर पडदा पुन्हा पांढरा झाला असता, आणि ते सगळे माझ्याहून जुने, जाणते खेळाडू होते. कोणीच टाकला नाही. ओळीमागून ओळ वर सरकत गेली, आमच्या काळ्या पडद्यावर तळापासून माथ्यापर्यंत तो रंग चढत गेला, आणि बाईच्या चेहऱ्यावर त्याचा उजेड पडला. अन्वरभाऊ हळूच म्हणाले, "या अल्ला." मी पुढे पुष्कळ काही पाहिलं, अन् मशिनींनी तर काय काय करून दाखवलं. पण ज्याला दिसत नाही त्याने पाठवलेला तो पिवळा पाहून मला जसं निःशब्द व्हायला झालं, तसं परत कधी झालं नाही.

मग लाइन तुटली. आमच्याकडे तुटायचीच.

पुढचं थोडक्यात सांगते. संध्याकाळी भाऊजींनी विचारलं तेव्हा बाई म्हणाली, "म्हातारा मानूस आहे. चांगला आहे. पोरगी इथीच राह्यन." भाऊजी म्हणाले, "तुले काय समजलं त्याच्यातलं?" बाई म्हणाली, "समजलं." तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मी तिथेच राहिले, पुढे शिकले, शिकवायला लागले. मी मुलांना भाषा शिकवते म्हणजे काय करते, तर वस्तूचं नाव सोडून ती वस्तू सांगायला लावते. हे कुठून आलं ते मुलांना माहीत नाही. मॉस आणखी दोनेक वर्षं खेळात होता. नंतर तो यायचा थांबला. का, हे आम्हाला कळायचा काही मार्ग नव्हता, आणि तलावावर त्याची वाट पाहणारे आम्ही पुष्कळजण होतो.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी जिना उतरून बाजारातून घराकडे निघालो. बाई नेहमीसारखी पुढे चालत नव्हती, माझ्या बरोबरीने चालत होती. रेल्वे फाटक बंद होतं. कोळशाची मालगाडी जाईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. शेवटचा डबा गेल्यावर ती म्हणाली, "त्याले मालूम आहे का, सगळं पिवळं झालं म्हून?"

"नाई. लाइन गेली ना."

"मंग त्याले वाटन का एकच शब्द रंगला."

"हाव."

फाटक वर गेलं. लोक निघाले, सायकली निघाल्या. बाई जागची हलली नाही.

"सांगा लागन त्याले," ती म्हणाली.

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केस विंचरून बाहेर आले तर भांडी घासून पालथी पडलेली, दाराला कुलूप घालायची तयारी झालेली, आणि बाई चपला घालून माझ्या आधी पायरीवर उभी होती.